सहा सिलिंडरची गाडी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनातल्या मनात हसून पान उलटते. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. आयुष्यभर मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीत काम केलं. जंतू स्लाइडवर दिसला तर आहे, नाही दिसला तर परत बघायचं — एवढाच माझा धर्म. तरीही हे लिहितेय, कारण यातली दोन माणसं आता राहिली नाहीत, तिसरीचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि माझ्यानंतर हे सांगायला कोणी उरणार नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, वुस्टरजवळच्या श्रूजबरीत राहायचो. तेव्हा तिथे मराठी घरं अगदी मोजकी. हे पुण्याचे, सिव्हिल इंजिनिअर, पुलांच्या डिझाइनचं काम करायचे. मी नागपूरची. आम्हाला एकच मुलगा, समीर. इथेच जन्मला. शाळेत सगळे त्याला सॅम म्हणायचे.

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी समीरने आमच्या मागच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंची गाडी घेतली. साठच्या दशकाच्या अखेरची, दोन दारांची, लांबलचक, फिकट बेज रंगाची. त्याच मॉडेलचा दांडगा प्रकार तेव्हा तरुण पोरं शर्यतीला वापरायची, पण या बाईंनी घेतला होता तो त्यातला सगळ्यात गरीब — सहा सिलिंडरचा. चर्चला जायचं आणि परत यायचं, एवढंच त्या गाडीला माहीत. पुढे सोफ्यासारखी एक सलग सीट, मागच्या काचेपाशी बाईंनी ठेवलेला टिश्यूचा डबा. ह्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "पळणार नाही ही. बरं झालं."

ह्यांचं आणि समीरचं भांडण असं कधी झालं नाही. भांडायला बोलावं तरी लागतं. "चहा?" — "नो थँक्स, बाबा." "अभ्यास?" — "डन." असं चालायचं. माझ्याशी मात्र तो बोलायचा. मी पोळ्या लाटत असले की काउंटरवर चढून बसायचा आणि अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश असं काहीही सांगत राहायचा. कोणत्या मुलीने काय म्हटलं, कोणत्या टीचरचा विग आहे... गरम पोळी तशीच गुंडाळून खायची, तूप कोपरापर्यंत ओघळायचं. मला वाटायचं, या मुलाचं मला सगळं माहीत आहे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, डॉर्ममध्ये त्याला ताप आला. रूममेटला वाटलं फ्लू असेल. मेनिंजायटिस होता. आम्ही बर्फातून गाडी हाकत पोचलो तेव्हा तो आम्हाला ओळखत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

ज्या जंतूने त्याला नेलं, तो मी मायक्रोस्कोपखाली कितीतरी वेळा पाहिलेला होता. जोडीजोडीने असतात, कॉफीच्या बियांसारखे. पुढे मी कामावर परत गेले, तेव्हा ते दिसले की स्लाइड उचलून शेजारच्या टेबलावर ठेवायचे. कोणी मला काही विचारलं नाही.

मराठी मंडळातल्या बायका डबे आणायच्या. एक काकू येऊन नुसत्या माझा हात धरून बसायच्या. हळूहळू तेही थांबलं. घरात आम्ही दोघं उरलो, आणि गॅरेजमध्ये ती गाडी. कॉलेजात पार्किंग मिळालं नव्हतं म्हणून तो ती इथेच ठेवून गेला होता.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर हे एका रविवारी म्हणाले, "बॅटरी मरेल तिची. एक चक्कर मारून आणतो."

परत आल्याचा आवाज आला, पण हे आत येईनात. मी गॅरेजचं दार उघडून पाहिलं. गाडी बंद केलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"अहो, काय झालं?"

"रूट नाइनच्या हायवेवर चढताना जरा पाय दाबला," हे म्हणाले. "मागून कोणी ढकलल्यासारखी सुटली. मला आवरेना. ही ती गाडी नाहीये."

समीरची एक मैत्रीण होती, डेनिस. त्याच्याहून थोडी मोठी, वडिलांच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकचं काम करायची. अंत्यविधीला आली होती आणि एका कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी राहिली होती. ह्यांनी तिला बोलावलं. तिने हूड, म्हणजे बॉनेट, उघडलं आणि मग एकेक गोष्ट दाखवत गेली.

आतलं इंजिन बदललेलं होतं. सहा सिलिंडरच्या जागी आठ सिलिंडरचं, मोठं, आणि वरून जुन्या इंजिनाचाच रंग, म्हणजे सहज बघणाऱ्याला कळू नये. मागचा अ‍ॅक्सल बदललेला. आवाज दाबायला दोन मोठे सायलेन्सर. ट्रंकमध्ये, म्हणजे डिकीत, स्पेअर चाकाच्या पोकळीत एक सिलिंडर बसवलेला — नायट्रसचा. दातांचे डॉक्टर भूल द्यायला वापरतात तोच गॅस. इंजिनात सोडला की काही सेकंद गाडी उधळते म्हणे. त्याचं बटण अ‍ॅशट्रेच्या झाकणाखाली. बाहेरून मात्र काहीही बदललेलं नाही. टिश्यूचा डबासुद्धा तसाच.

"अशा गाडीला स्लीपर म्हणतात," डेनिस म्हणाली. "झोपलेली. सिग्नलला शेजारचा बघतो, त्याला वाटतं आजीबाईंची गाडी आहे. सॅमला तीच गंमत वाटायची. दोन उन्हाळे आम्ही तिच्यावर काम करत होतो."

मी विचारलं, "आम्हाला का नाही सांगितलं त्याने?"

ती ह्यांच्याकडे बघून थांबली. आमचं आडनाव तिला जमायचं नाही, ह्यांना ती मिस्टर के म्हणायची. "मिस्टर के, तो म्हणायचा की तुम्हाला कळलं तर तुम्ही विकायला लावाल."

हे उघड्या हूडकडे वळले. विचारलं, "जुनं इंजिन कुठे आहे?"

"आमच्याकडेच. मागे ताडपत्रीखाली पडलंय."

"ते परत बसवायचं. सगळं होतं तसं करायचं."

डेनिसचे डोळे भरून आले. म्हणाली, "पण हे सगळं त्याने केलंय."

"म्हणूनच," हे म्हणाले.

मला ते क्रूर वाटलं. जेवताना मी तसं बोलूनही दाखवलं. हे ताटाकडे बघत म्हणाले, "मला माहीत नसलेला समीर आता कळून काय करू? विचारायला तो आहे का? मला जेवढा माहीत होता तेवढाच राहू दे."

मे महिनाभर दर शनिवारी हे डेनिसच्या गॅरेजमध्ये जायचे. ज्या माणसाने आयुष्यात कधी पाना हातात धरला नव्हता, त्याची नखं काळी व्हायला लागली. मोठं इंजिन निघालं, जुनं बसलं. अ‍ॅक्सल, सायलेन्सर, गॅसचा सिलिंडर, ती वायर, ते बटण — सगळं काढलं. डेनिसने ते सामान कोणालातरी देऊन टाकलं. काम झाल्यावर तिने स्वतः एक फेरी मारली आणि म्हणाली, "झाली पुन्हा आजीबाई." मग हे गाडी घेऊन घरी आले.

त्यानंतर ह्यांच्यात काहीतरी बदललं. ऑफिसातून आले की कपडे न बदलताच ती गाडी घेऊन जायचे. तासाभराने यायचे ते नीट जेवायचे, दुसऱ्यांदा भात मागायचे. एकदा दाढी करताना हे गुणगुणत होते. मी बाथरूमच्या बाहेर टॉवेल घेऊन उभी होते. समीरला जाऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

मी विचारलं, "कुठे जाता तुम्ही रोज?"

"रिझर्व्हॉयरच्या रस्त्याला."

"काय आहे तिथे?"

ह्यांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "ती अजून तशीच पळते."

मला वाटलं, संपलं. मुलगा गेला, आता ह्यांचं डोकंही चाललं. मी म्हटलं, "अहो, भास होतोय तुम्हाला. डॉक्टरांशी बोलू या."

"चल," हे म्हणाले. "तू स्वतः बघ."

जूनमधला शनिवार होता, सकाळी दहाचा सुमार, लख्ख ऊन. रिझर्व्हॉयरच्या कडेने एक सरळ रस्ता जातो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पाइनची झाडं. पुढे एक मोठं वळण आहे. गाडी घरापासून तिथपर्यंत म्हाताऱ्यासारखी कुरकुरत आली. चढावर मागच्या माणसाने हॉर्न दिला. सरळ रस्ता लागला आणि ह्यांनी पाय थोडा दाबला...

हे मला नीट सांगता यायला हवं. इंजिनाचा आवाज बदलला नाही. तोच शिवणयंत्रासारखा बारीक आवाज येत राहिला. पण माझी पाठ सीटला चिकटली. मान मागे गेली. मांडीवरची पर्स सरकून पोटाशी आली. पाण्याची कड नुसती चकाकत मागे पळायला लागली आणि झाडं वेगळी दिसेनाशी झाली. मी ह्यांच्या पायाकडे पाहिलं — पाय अ‍ॅक्सिलरेटरवर हलका टेकलेला, बस. आणि वळण यायच्या बरंच आधी गाडी आपणहून सैल पडली, हळू झाली, आणि आम्ही त्या वळणावरून सावकाश गेलो.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी समीर जन्मला तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

मी लॅबमधली बाई. एकदा दिसलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. मी डेनिसला बोलावलं. तिला काही सांगितलं नाही, फक्त मागच्या सीटवर बसवलं आणि ह्यांना त्याच रस्त्याला न्यायला सांगितलं. तेच झालं. थांबल्यावर डेनिस उतरली, हूड उघडलं, आणि वाकून कितीतरी वेळ आत बघत राहिली. मग ट्रंक उघडला. मग गाडीखाली झोपून पाहिलं. उठली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे इंजिन मी माझ्या हाताने बसवलंय," ती म्हणाली. "याच्यात एवढी ताकदच नाहीये."

"वळणाच्या आधी ती आपोआप सोडते," हे म्हणाले. "माझा पाय तसाच असतो."

डेनिसने मान खाली घातली. "सॅम तसंच करायचा. सगळे वळणाच्या तोंडाशी सोडतात, तो खूप आधी सोडायचा. आम्ही हसायचो त्याला. म्हणायचो, भित्रा आहेस."

ही गोष्ट ह्यांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. समीर गाडी चालवत असताना हे कधी त्याच्या शेजारी बसलेच नव्हते.

मग डेनिस स्वतः चालवायला बसली, हे शेजारी. गाडी कुरकुरत गेली आणि कुरकुरत आली. काही नाही. तिने किल्ली ह्यांच्या हातात दिली, मला मिठी मारली, आणि त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. पुढे लग्न करून ॲरिझोनात गेली असं ऐकलं.

आता माझं सांगते.

हे ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी गेले होते तेव्हा मी एकटीने गाडी काढली. सीट पुढे ओढली, कारण माझे पाय पोचत नव्हते. रिझर्व्हॉयरच्या सरळ रस्त्यावर आले. मोठ्याने म्हणाले, "समीर, मी आलेय रे." आणि पाय दाबला.

इंजिन ओरडलं. गाडी थरथरली आणि हळूहळू, नाइलाजाने, वेग घ्यायला लागली. जशी कुठलीही जुनी गाडी घेते तशी. मागून एक ट्रक आला आणि हॉर्न वाजवत मला ओलांडून गेला.

मला वाटलं, माझी वेळ चुकली असेल. ह्यांच्या वेळेला गेले. ह्यांच्यासारखा पाय हलका ठेवून पाहिला. समीरला काचा खाली आवडायच्या म्हणून सगळ्या काचा खाली करून गेले. त्याच्याशी बोलत गेले, काहीच न बोलता गेले. एकदा डब्यात पोळ्या घेऊन गेले. हसू नका. सीटवर शेजारी डबा ठेवला होता. वळण आलं, मला ब्रेक दाबावा लागला, डबा घसरून खाली पडला. मी गाडी कडेला घेतली आणि पोळ्या गोळा केल्या.

ह्यांच्या शेजारी बसलं की मात्र दर वेळी व्हायचं. दर वेळी. माझी पाठ सीटला चिकटायची, आणि मला कळायचं की हे माझ्यासाठी नाहीये. मी त्या दोघांच्या मध्ये बसलेय.

एका रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात ह्यांना गाठलं. "तो तुमच्याशी काही बोलतो का?"

"बोलत नाही. नुसता असतो."

"मग माझ्यासाठी का नाही? मी काय केलं त्याचं?"

हे माझ्याकडे बघेनात. "तुझं त्याच्याशी बोलून झालं होतं," हे म्हणाले. "माझं राहिलं होतं. तेवढंच असेल."

ह्यांनी ते समजूत घालायला म्हटलं असेल. मी हातातली ताटली सिंकमध्ये टाकली, ती फुटली. म्हटलं, "बोलून झालं होतं म्हणजे काय हो? एकोणीस वर्षांचा होता. आईचं मुलाशी बोलून होतं का कधी?"

ह्यांनी ताटलीचे तुकडे वेचले. संध्याकाळी गाडी घेऊन गेले, आणि मी खिडकीतून बघत राहिले. त्यानंतर मी त्या गाडीत बसले नाही. ह्यांच्या शेजारीही नाही.

अशी काही वर्षं गेली. एका घरात दोन माणसं, एकाला रोज तासभर मुलगा भेटत होता आणि दुसरीला नाही. आम्ही भांडलो नाही. आमच्यात आता "चहा?" — "नको" एवढंच उरलं. मी ओव्हरटाइम घ्यायला लागले.

तिकडच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाड्या खालून सडतात. दशक संपत आलं तेव्हा ही गाडी दर वर्षीच्या सरकारी इन्स्पेक्शनला नापास झाली. मेकॅनिकने खाली दिवा धरून दाखवलं, चासीमध्ये बोट जाईल एवढी भोकं. म्हणाला, दुरुस्त होण्यापलीकडे गेलीय, चालवलीत तर रस्त्यावर दोन तुकडे होतील. हे दुसऱ्या मेकॅनिककडे गेले, तिसऱ्याकडे गेले. सगळ्यांनी तेच सांगितलं. आदल्या दिवसापर्यंत ती ह्यांच्यासाठी तशीच पळत होती.

मला कोणी म्हणेल, दुःखात माणसाला असं होतं. मीही दुसऱ्याला हेच म्हटलं असतं. पण डेनिसला काही माहीत नसताना तिने ते अनुभवलं, आणि माझी मान कितीदा मागे गेली. दुसरा कोणी म्हणेल, समीरच होता तो. मग मी विचारेन, माझ्या वेळी कुठे होता? यावर मला आजवर कोणी उत्तर दिलेलं नाही. ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही, मीही नाही.

आता गाडी गेली त्या दिवसाचं. ती भंगारात न्यायला टो ट्रक सकाळी आला. ड्रायव्हरने साखळी लावली, पुढची चाकं उचलली. हे गॅरेजच्या दारात उभे होते, स्वेटर उलटा घातलेला. ट्रक वळणापलीकडे दिसेनासा झाला, आणि हे तिथेच सिमेंटवर खाली बसले आणि रडायला लागले. समीर गेला तेव्हा हॉस्पिटलमध्ये, अंत्यविधीला, घरी — कुठेच हे रडले नव्हते. आता आवाज आवरत नव्हता. समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन परत आत गेली.

ह्यांचा मुलगा दुसऱ्यांदा गेला होता. मी मागे उभी राहून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ नुसती हलत होती. आणि तिथे उभ्या उभ्या मला त्यांच्या या दुसऱ्या दुःखाचाही हेवा वाटत होता.